कातालिनो ओव्हेलारची साक्ष

"पुन्हा एकदा," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही स्पेनला कशासाठी आलात?"

"कामासाठी."

"कोणत्या?"

"मैदानाच्या. गवताच्या."

"आणि मुलगा?"

"कुटुंब आलं, म्हणून मुलगा आला."

"उत्तर बरोबर आहे. पण सांगताना बुटांकडे बघू नका. काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटतं."

कातालिनोनं मान वर केली. क्लबच्या दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत तो अडीच वर्षांत आज तिसऱ्यांदा बसला होता. समोर माद्रिदहून आलेल्या वकील बेगोन्या इतुर्राल्दे होत्या. बाजूला क्लबचे क्रीडा संचालक मोन्साल्बे फोनशी चाळा करत होते. कातालिनो वकीलबाईंना 'डॉक्टोरा' म्हणायचा, कारण पाराग्वायमध्ये वकिलाला तसंच म्हणतात. बाईंनी पहिल्या दिवशी एकदा दुरुस्त करून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

"आता थोडं वाकडं विचारते. तुमच्या मुलाला क्लबनं घेतलं नसतं, तरी तुम्ही आला असता?"

कातालिनो खिडकीबाहेर बघत होता. खाली सरावाच्या मैदानात उत्तरेच्या कोपऱ्यातला फवारा फिरायचा थांबला होता आणि एकाच जागी पाणी ओतत होता. वीतभर डबकं तयार झालं होतं.

"श्री. ओव्हेलार?"

"डॉक्टोरा, मी दोन मिनिटांत येतो. तिथं पाणी साचतंय. या उन्हात मुळं शिजतात."

मोन्साल्बे हसले. "ऐकलंत ना? हा माणूस गवतासाठी आला नाही असं कोण म्हणेल?"

बाईही हसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. कातालिनो जिना उतरला, फवाऱ्याचं तोंड काढून त्यातला खडा झटकला, परत बसवलं. वर आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. प्रश्न तिथंच होता. त्यानं शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, "आलो असतो."

प्रकरण सांगायला सोपं होतं. अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलाला कुठल्याही क्लबनं घ्यायचं नाही, असा फुटबॉलच्या जागतिक महासंघाचा नियम आहे. त्याला एक पळवाट ठेवलेली आहे. मुलाचे आईवडील स्वतःच्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, आणि त्या कारणाचा फुटबॉलशी संबंध नसेल, तर मुलाला तिथं खेळता येतं. मुर्सियाच्या युनियन सेगुरा क्लबनं चार वर्षांत नऊ मुलं घेतली होती. नवलाची गोष्ट अशी, की नऊही मुलांच्या आईला किंवा वडिलांना त्याच सुमारास मुर्सियात काम मिळालं होतं, आणि बहुतेकांना क्लबातच. महासंघानं ते सगळे कागद एकत्र मांडले आणि क्लबवर खेळाडू-खरेदीची बंदी घातली. दोन हंगाम एकही नवा खेळाडू घ्यायचा नाही. क्लबनं महासंघाकडे केलेलं अपील फेटाळलं गेलं. आता शेवटचं दार म्हणजे लोझानचा क्रीडा लवाद.

नऊ फायलींमधून वकीलबाईंनी साक्षीसाठी एकच माणूस निवडला. बाकीच्या बापांची कामं कागदावरची होती. एक भांडारपाल तर आलिकांतेत टॅक्सी चालवत होता आणि त्याला भांडाराचं कुलूपही ओळखता आलं नसतं. कातालिनो मात्र रोज सकाळी सहाला गवतावर असायचा. त्याच्या हातांना भेगा होत्या, त्या भेगांत हिरवट मळ होता. बाईंनी पहिल्याच भेटीत ते हात टेबलावर ठेवायला लावले होते. "लोझानला असेच ठेवायचे," त्या म्हणाल्या होत्या.

*

पाराग्वायमध्ये कातालिनो तेबिकुआरी नदीवरच्या तराफ्याचं इंजिन सांभाळायचा. गाड्या, गुरं, शाळेची पोरं, प्रेतंसुद्धा या काठावरून त्या काठावर न्यायची. एकोणीस वर्षं त्यानं तेच एक जुनं डिझेल इंजिन चालतं ठेवलं. नदी फुगली की दोन दिवस काम बंद, ओसरली की सुरू. त्याला त्यापलीकडे काही हवं होतं असं त्याच्या बायकोलाही, निमियालाही, कधी जाणवलं नाही.

मुलगा ब्लास त्या काठावरच्या वाळूत खेळायचा. बारा वर्षांचा असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत एका माणसानं त्याला पाहिलं. पांढरी टोपी घातलेला तो माणूस तीन आठवड्यांनी घरी आला, ओसरीवर बसला आणि मुर्सिया नावाच्या गावाबद्दल बोलत राहिला. निमियानं सगळं ऐकून घेतलं.

"पोर एकटं जाणार नाही," ती म्हणाली. "जायचं तर आम्ही सगळे जाऊ."

माणूस खूश झाला. "सेन्योरा, आम्हालाही तेच हवं आहे."

कागद आले. त्यांत कातालिनोच्या नावापुढं लिहिलं होतं: मैदान देखभाल साहाय्यक. त्यानं मेव्हण्याला अर्थ विचारला. मेव्हणा म्हणाला, "गवत कापायचं, भाऊजी. आणखी काय असणार?" कातालिनोनं उभ्या जन्मात गवत कापलेलं नव्हतं. त्यांच्याकडे ते काम गायी करत.

मुर्सियाला आल्यावर हेच तो मैदानाचे मुख्य माळी हिनेस यांना पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे बोलून गेला. हिनेस साठीकडे झुकलेले, लिंबाच्या बागांत वाढलेले, जिभेला हाड नसलेले गृहस्थ होते.

"गायी?" हिनेस म्हणाले. "मग तुझ्याऐवजी क्लबनं गायच का नाही आणली? कागदपत्रं तरी कमी लागली असती."

"गायीला पोरगा नसतो ना फुटबॉल खेळणारा, डॉन हिनेस."

हिनेस मोठ्यानं हसले, आणि लगेच त्यांनी मागं वळून पाहिलं. "हे माझ्यापाशी बोललास ते ठीक. दुसऱ्यापाशी बोलू नकोस."

हिनेसनी त्याला सगळं शिकवलं. पहाटेचं दव लांब दोरी ओढून झाडायचं, नाहीतर पातीवर बुरशी धरते. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते, ओल्या पोत्यासारखा वास येतो. यंत्राचं पातं बोथट असलं की पातीचं टोक कापलं न जाता फाटतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं मैदान करड्या रंगाचं दिसतं. पहिल्या वर्षी कातालिनो ऐकून घ्यायचा. दुसऱ्या वर्षी तो हिनेसच्या आधी वास ओळखू लागला. इंजिनाच्या आवाजातून बिघाड ओळखणारा माणूस तो, त्याला हे लवकर जमलं. गवत आवडू लागलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

"मी पुढच्या वर्षी सुटणार," हिनेस एकदा न्याहारीला बारमध्ये टोस्टावर टोमॅटो चोळता चोळता म्हणाले. "मोन्साल्बेला सांगून ठेवलंय, माझ्या जागी या नदीवाल्याला घ्या. तुला काही म्हणायचंय?"

कातालिनोनं कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली.

"अरे, हो तरी म्हण."

"हो," कातालिनो म्हणाला.

*

ब्लास आल्यानंतर पहिले चौदा महिने खेळला. शनिवारी सकाळी लहान मुलांच्या सामन्यांत तो डावीकडून धावायचा, आणि कुंपणाबाहेर उभे असलेले बाप एकमेकांना कोपरानं ढोसून विचारायचे, हा कुणाचा? मग महासंघाचं पत्र आलं. तेव्हापासून त्याला फक्त सराव करायची मुभा होती. सामना बंद. शनिवारी तो क्लबचा कोट घालून बाकांवर बसायचा आणि त्याच्या जागी दुसरा मुलगा धावायचा. आता पंधरा पूर्ण झाले होते. सामन्याविना सतरा महिने झाले होते.

आधी तो चिडायचा, दारं आपटायचा. मग ते थांबलं. घरातही तो पाहुण्यासारखा वागू लागला. ताट उचलून ठेवायचा, विचारलं तेवढं बोलायचा. मधल्या काळात तिकडे निमियाची आई गेली. विमानाचं जमेपर्यंत माती देऊन झाली होती. त्या दिवशी ब्लास आईजवळ बसला नाही. सगळा दिवस तो इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा होता.

लोझानला जायच्या आधीच्या रविवारी दुपारी कातालिनोचं लेखी निवेदन जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. वकीलबाईंनी वाचून ठेवायला दिलेलं. निमिया मक्याची जाड भाकर तव्यातून काढत होती. ब्लासनं कागद उचलला आणि वाचू लागला.

"'माझ्या स्पेनला येण्याचा माझ्या मुलाच्या फुटबॉलशी काहीही संबंध नव्हता,'" त्यानं मोठ्यानं वाचलं.

"ठेव ते," निमिया म्हणाली. "जेवायला बस."

"'मला माझ्या व्यवसायात प्रगती करायची होती.' पापा, कुठला व्यवसाय?"

"वकिलांची भाषा असते ती," कातालिनो म्हणाला.

"सही तुमची आहे."

ब्लासनं कागद नीट घडी करून होता तिथं ठेवला. बराच वेळ तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"हे खरं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"म्हणजे?" निमियानं विचारलं.

"म्हणजे पापा खरंच कामासाठी आले असते तर. मग मी खेळलो काय, न खेळलो काय. आजी गेली तेव्हा..." तो थांबला. "प्रशिक्षक सरांनी सांगितलंय, पापांनी तिथं हे असंच बोललं तर मला सप्टेंबरपासून खेळता येईल. बोलाल ना?"

"बोलेन," कातालिनो म्हणाला.

"खाली न बघता?"

कातालिनोला हसू आलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या क्लबला माहीत आहे, पापा. हिनेस नक्कल करून दाखवतात."

त्या घरात कित्येक महिन्यांत तिघं एकदम हसले नव्हते. निमिया तर हसता हसता पदर शोधावा तसा ॲप्रनचा कोपरा डोळ्यांना लावत होती.

*

लोझानला सगळं स्वच्छ होतं. सरोवर, रस्ते, लवादाची खोली. लांब टेबलामागे तीन लवाद बसले होते. मधले अध्यक्ष म्हातारे होते, त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र होतं. दुभाषी बाई कातालिनोच्या शेजारी बसली. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. अध्यक्षांनी बजावलं, की इथं खोटं बोलणं हा गुन्हा आहे. दुभाषीनं ते स्पॅनिशमध्ये इतक्या हळू सांगितलं, की कातालिनोला ते एखाद्या नर्सनं सुई टोचण्याआधी सांगावं तसं वाटलं.

त्यानं हात टेबलावर ठेवले.

वकीलबाईंचे प्रश्न सुरळीत पार पडले. गवताबद्दल विचारलं तेव्हा तो भरभरून बोलला. उन्हाळ्यात मुर्सियाच्या मैदानाला पाणी कधी घालायचं आणि का घालायचं, हे सांगताना दुभाषी मागं पडली आणि तिनं हात वर करून त्याला थांबवलं. लवादांपैकी एक बाई गालात हसली. मोन्साल्बेंनी मागच्या खुर्चीवर पाय पसरले.

मग महासंघाचा वकील उठला. तिशीचा, सभ्य, आवाज न चढवणारा.

"तुम्ही मुर्सियाला येण्यापूर्वी मैदानाचं काम केलं होतं?"

"नाही."

"या नोकरीची जाहिरात कुठं वाचलीत?"

"एका माणसानं सांगितलं."

"तोच माणूस, ज्यानं तुमच्या मुलाचा खेळ पाहिला होता?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. बोलाचाली झाली. प्रश्न बाजूला पडला. तरुण वकिलानं आणखी चार-पाच गोष्टी विचारल्या. कातालिनोनं शिकवलेली उत्तरं दिली. एकदाही खाली पाहिलं नाही. वकील बसला. काम संपलं असं सगळ्यांना वाटलं, कातालिनोलाही. त्यानं हात टेबलावरून उचलले.

तेवढ्यात अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि पुढं झुकले.

"श्री. ओव्हेलार, मला एवढंच सांगा. तुमचा मुलगा फुटबॉल खेळत नसता, तर तुम्ही आज सकाळी कुठं असता?"

दुभाषीनं सांगायच्या आधीच त्याला प्रश्न कळला होता, तरी तो तिचं बोलणं संपेपर्यंत थांबला. उत्तर पाठ होतं. 'मुर्सियात. कामावर.' दोनच शब्द. पण म्हाताऱ्यानं सकाळ म्हटली आणि कातालिनोच्या डोळ्यांसमोर सकाळ आली. पाण्यावरचं धुकं. इंजिन पहिल्या दोन झटक्यांत सुरू होत नाही, तिसऱ्याला खोकतं आणि मग धरतं. काठावर दुधाच्या कॅनवर बसलेला मुलगा झोपेनं पेंगतोय.

"नदीवर," तो म्हणाला.

दुभाषी त्याच्याकडे बघत राहिली.

"तराफ्यावर, साहेब. या वेळेला पहिली फेरी असते."

तिनं ते सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली आणि आभार मानले. वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं. मागं मोन्साल्बेंची खुर्ची करकरली.

बाहेर आल्यावर बाईंनी त्याला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. मोन्साल्बे पुढं निघून गेले होते.

"गोंधळलात का?" बाईंनी विचारलं. "प्रश्न नवा होता म्हणून?"

कातालिनोला वाटलं, हो म्हणावं, त्यांनाही बरं वाटेल. "नाही, डॉक्टोरा. तुम्ही शिकवलेलं सगळं आठवत होतं."

"मग?"

"त्या साहेबांनी नीट विचारलं," तो म्हणाला.

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी यंत्रातून दोन कॉफी घेतल्या आणि एक त्याच्या हातात दिली. ती त्यानं उभ्या उभ्या प्यायली.

*

मुर्सियाच्या बसस्थानकावर निमिया आणि ब्लास न्यायला आले होते. क्लबमध्ये बातमी आधीच पोचली होती. घरी जाताना नदीकाठच्या रस्त्यावर ब्लास पुढं चालला होता. मधेच तो वळला.

"दोन शब्द होते, पापा."

"हो."

"खाली न बघता. एवढंच करायचं होतं."

"ब्लास," निमिया म्हणाली.

"नाही, मला विचारू दे. काय म्हणालात तुम्ही? नदीवर? कुठल्या नदीवर? तिथं पूल झालाय. मामानं सांगितलं नाही का? तराफा ओढून काढला, इंजिन भंगारात दिलं. आहे काय तिथं?"

"माहीत आहे मला."

"मग तिथं कसे असता तुम्ही?"

रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबून त्यांच्याकडे बघू लागली होती.

"मी खोटं बोलायला गेलो होतो," तो म्हणाला. "तुझी शपथ, बोलायचंच ठरवलं होतं. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, तू खेळत नसतास तर. आणि मला वाटलं, मी मुर्सियात म्हणालो, तर त्याचा अर्थ मी तुझ्यासाठी आलोच नाही. तुझ्यासाठी आलो मी. दुसऱ्या कशासाठी नाही."

"तेच तर म्हणतोय मी," ब्लास ओरडला नाही, पण त्याचा आवाज फाटला. "तेच मला नको होतं."

तो निघून गेला. निमिया त्याच्या मागं गेली नाही. तिनं कातालिनोच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं हळूहळू घरी आले.

*

निकाल सहा आठवड्यांनी आला. नऊपैकी चार प्रकरणं लवादानं सोडून दिली, पाच ग्राह्य धरली. ब्लास त्या पाचांत होता. पाचच सिद्ध झाल्यामुळे बंदी दोन हंगामांवरून एकावर आली. वर्तमानपत्रांनी हा क्लबचा विजय म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर शॅम्पेनच्या बाटल्या उघडल्याचे आवाज खाली मैदानापर्यंत आले. हिनेस तेव्हा यंत्राचं पातं घासत होते.

"अर्धी शिक्षा माफ झाली की माणसं नाचतात," ते म्हणाले. "आणि पोरांचं काय?"

पोरांना अठरा पूर्ण होईपर्यंत कुठल्याही नोंदणीकृत संघातून खेळता येणार नव्हतं. पाचांपैकी तीन कुटुंबं महिन्याभरात गेली. कुणी निरोप घेतला, कुणी नाही.

जूनच्या मध्यावर कातालिनोला पत्र मिळालं. मैदान विभागाची फेररचना होत असल्यामुळे तीस तारखेनंतर करार वाढवता येणार नाही. हिनेस ते पत्र घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. त्यांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. परत आले तेव्हा कान लाल झाले होते.

"मोन्साल्बे म्हणतो, साक्षीशी काही संबंध नाही. मी म्हटलं, मग त्याच्या जागी कोण? तर एका कंपनीला कंत्राट. कंपनीला!" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "अरे, तू एक शब्द बोलला नसतास ना..."

"तुम्ही पण, डॉन हिनेस?"

हिनेसनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "नाही. मी नाही. माझ्या चुलतभावाचा लिंबं भरायचा कारखाना आहे. उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. त्याला म्हणेन, एक गाय आणलीय."

कातालिनोला लिंबाच्या कारखान्यात पट्ट्याची यंत्रं सांभाळायचं काम लागलं. इंजिनवाला माणूस तो, त्याला ते जड गेलं नाही. निमिया एका पांगळ्या बाईंच्या घरी कामाला जायची. राहायचे कागद टिकले, घर टिकलं. ब्लासला तंत्रशाळेत घातलं. तो जायचा. बापाशी मात्र कामापुरतं बोलायचा, आणि कातालिनोनं ते मान्य केलं होतं. मोन्साल्बेंच्या, वकीलबाईंच्या, कुणाच्याच बाबतीत तो घरी तक्रार करत नसे. एकदा फक्त रात्रीच्या जेवणात त्यानं विचारलं, उत्तरेच्या कोपऱ्यातला फवारा त्या कंपनीवाल्यांनी बदलला का, कुणाला माहीत आहे? कुणाला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात तंत्रशाळेतल्या एका एक्वादोरच्या मुलानं ब्लासला बोलावलं. महामार्गाच्या पलीकडे, लिंबाच्या बागा संपतात तिथं, एक उघडं मैदान होतं. रविवारी तिथं एक्वादोरचे, बोलिव्हियाचे, मोरोक्कोचे कामगार खेळायचे. नोंदणी नाही, पंच म्हणजे ज्याचा पाय दुखत असेल तो. ब्लासनं जेवताना आईला सांगितलं. बापाला सांगितलं नाही, पण बाप समोरच बसला होता.

रविवारी कातालिनो सामन्याच्या आधी दीड तास तिथं पोचला. बादली घेऊन. मैदान म्हणजे नुसता मुरूम होता, गवताची काडी नाही. डावीकडच्या बाजूला वरून पाणी वाहून आल्यानं गोटे उघडे पडले होते. तो एका खांबापासून सुरू झाला आणि रेघेरेघेनं गोटे वेचत दुसऱ्या खांबाकडे निघाला. बादली भरली की कुंपणापाशी ओतून यायचा. ऊन अजून कडक होतं. आलेल्या पोरांपैकी कुणीतरी विचारलं, हा कोण? दुसऱ्यानं खांदे उडवले.

ब्लास सायकलवरून आला. लांबूनच त्यानं बापाला पाहिलं आणि सायकल कुंपणाला टेकवून तिथंच उभा राहिला. बूट बांधले, सोडले, परत बांधले. सोबतची मुलं चेंडू मारायला लागली होती आणि त्याला हाक मारत होती.

तो आला तो सरळ चेंडूकडे गेला नाही. बापापासून दोन हातांवर येऊन वाकला आणि त्याच्या शेजारची रेघ धरून गोटे उचलू लागला. कातालिनोनं बादली दोघांच्या मधे सरकवली. दोघं पुढं सरकत राहिले, आणि मागून येणाऱ्या पोरांनी ती बाजू सोडून उजवीकडे खेळायला सुरुवात केली.